बांदोड्याच्या माळ्यावरचा ५.१ पर्वरीच्या हॉलात बसवायचाय

कुळागर · शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. चवथ (गणपती) गावच्या घरी आटोपली आणि आम्ही पर्वरीच्या फ्लॅटवर राहायला आलो. हॉल १८ बाय १३ फूट, उंची साडेनऊ. खाली टाइल्स, एक अख्खी बाजू सरकत्या काचेची, समोर ५५ इंची फोर-के टीव्ही. चित्र असं की डोळे निवावेत, आवाज असा की पत्र्याच्या डब्यात मुंगी बोलतेय.

तेव्हा बांदोड्याच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला माझा २००७ सालचा ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफरचा होम थिएटर आठवला. चार वर्षं पडून होता, काल गाडीत घालून आणला. सगळ्यांना आवाज पुरवणारा रिसीव्हर, दोन उभे टॉवर, एक सेंटर, मागचे दोन लहान, आणि नुसता बेस वाजवणारा १० इंची सबवूफर, ज्याचा अ‍ॅम्प त्याच्याच पोटात आहे. शिवाय बाबांचा टेप डेक आणि आकाशवाणी पणजीवरून त्यांनी भरून ठेवलेल्या नाट्यगीतांच्या कॅसेट. रिसीव्हरला एचडीएमआय आहे, पण ते नुसतं चित्र पुढे ढकलतं, आवाजाला हात लावत नाही. मागे डिजिटल आवाज आत घ्यायची भोकं: ऑप्टिकल दोन आणि कोअ‍ॅक्शियल एक.

एका दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, हे भंगार. साउंडबार न्या." बायकोचंही मत साउंडबार, पण कारण वेगळं: वायरी. आईचं तिसरंच. ती म्हणते, सीरियलमधलं संगीत तेवढं ऐकू येतं, बोलणं कळत नाही.

लावू का? लावायचं तर आधी काय तपासू, आणि टीव्हीला कशाने जोडू?

उरक · शनिवार, रात्री १०:३१

साउंडबार घे आणि सूट. उरलेल्या वेळात बांगडे आणायला जा.

खतखतें · शनिवार, रात्री १०:४८

फोटो दिसत नाहीत. बाकी वाचतोय, माझ्याकडेही असाच एक डबा आहे.

कर्णपिशाच्च · रविवार, सकाळी ७:०५

कुळागर, प्लग लावला नसेल तर लावू नका. माळ्यावर चार वर्षं म्हणजे चार पावसाळे. आत कोण कोण राहायला आलंय ते आधी बघा.

रिसीव्हरचं वरचं झाकण काढा. पाली त्या जाळीतून सहज शिरतात आणि अंडी घालतात. मुंग्यांना रिलेची जागा का आवडते देव जाणे, पण आवडते. मऊ ब्रश आणि हवेचा ब्लोअर, बस. ओलं फडकं नको. पॉवर सप्लायचे दोन मोठे कपॅसिटर दिसतील, त्यांची डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा चिकट दिसली तर चालू न करता कारागिराकडे न्या. आणि एकदा चालू केल्यावर पुन्हा कधी झाकण उघडलंत तर लगेच हात घालू नका, प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरा. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब रिसीव्हरच्या सिरीजमध्ये. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे. बल्बने तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचवला असं समजा. कुठल्याही वायरमनकडे हा बोर्ड असतो.

आता स्पीकर. जाळी काढून कोनच्या कडेच्या रिंगला हळूच बोट लावा. रबर असेल तर बहुतेक काही होत नाही. फोम असेल तर बोटाला काळा चिकट चुरा लागेल. काय लागलं ते इथे सांगा.

शेवंती · रविवार, सकाळी ९:२०

सिरीज बल्बची युक्ती वाखूसा (वाचनखूण साठवली). मी मिक्सरसाठी वापरणार.

कुळागर · रविवार, संध्याकाळी ६:५५

उघडलं. पालीची अंडी पाच, सगळी रिकामी. एका झुरळाचं समग्र चरित्र. कपॅसिटर सपाट. बल्ब पेटला आणि मंद झाला, वायरमन शेजारी उभा होता म्हणून धीर होता. रिसीव्हर जिवंत आहे! व्हॉल्यूमची चकती फिरवली की खरखर होते तेवढं सोडून.

टॉवर, सेंटर आणि मागचे दोन्ही रबरचे, चांगले आहेत. एका टॉवरच्या तळाशी लाकूड फुगलंय. सबवूफर मात्र फोमचा निघाला. बोट लावलं आणि रिंग पापडासारखी मोडली. आता हा गेलाच ना?

कर्णपिशाच्च · रविवार, रात्री ८:४०

गेला कशाला? गेली ती रिंग. मॅग्नेट, कॉइल आणि कागदाचा कोन शाबूत असतील तर तो स्पीकर अजून वीस वर्षं वाजेल.

हा फोम पॉलियुरेथेनचा. हवेतली वाफ त्याची रासायनिक साखळी हळूहळू तोडते, आणि ऊब आणि दमट दोन्ही असलं की जास्त लवकर तोडते. म्हणजे गोवा. कोरड्या गावात पंधरा-वीस वर्षं टिकणारा फोम आपल्याकडे दहा वर्षांत राम म्हणतो. न वाजवता ठेवला म्हणून वाचत नाही, हे लोकांना पटत नाही.

नवी रिंग मिळते. मागवताना "१० इंची" एवढंच सांगू नका. कोनचा व्यास, फ्रेमच्या बाहेरच्या कडेचा व्यास आणि गोलाईची रुंदी, तिन्ही मापं घ्या. मिळाली तर रबरचीच घ्यावी असं वाटेल, पण रबर जड असतं आणि त्याने कोनचा स्वभाव बदलतो. मूळ फोम असेल तर फोमच लावा. जुना फोम आणि डिंक पूर्ण खरवडून काढायचा. आधी आतली कड कोनला चिकटवायची, वाळू द्यायची, मग बाहेरची फ्रेमला. बाहेरची कड ओली असतानाच कोन मधोमध आणावा लागतो, कारण कॉइल आणि मॅग्नेट यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. फोनवरून ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू आवाजात लावा: खरखर आली तर कोन तिरका आहे, सरकवत राहा. घासणं थांबलं की तसाच २४ तास सोडून द्या.

हात थरथरत असतील तर करू नका. म्हापशात, मडगावात स्पीकर रिकोन करणारे कारागीर आहेत. तियात्राचे आणि जत्रेतल्या नाटकांचे बॉक्स त्यांच्याकडेच येतात. तुमचं काम त्यांना किरकोळ वाटेल.

व्हॉल्यूमच्या खरखरीला कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारा, गंज काढायचं तेल नको. प्लग काढून, झाकण उघडून, चकतीमागच्या डबीत दोन फवारे आणि चकती तीस वेळा इकडून तिकडे. फुगलेल्या टॉवरखाली रबरी पाय बसवा. एमडीएफ पुन्हा सपाट होत नाही, पण फरशी पुसतानाचं पाणी त्याला यापुढे लागू नये.

उरक · रविवार, रात्री ९:०२

एवढ्या वेळात साउंडबार घरी येऊन वाजायलाही लागला असता. सांगून ठेवतो.

कर्णपिशाच्च · रविवार, रात्री ९:१०

येईल की. आणि सात वर्षांनी त्याचा एक बोर्ड गेला की अख्खी पट्टी भंगारात जाईल. स्पीकर हे वेगळं प्रकरण आहे रे. तो म्हणजे कागद, तार आणि लोहचुंबक. त्याला फोर-के कळत नाही आणि कळायची गरजही नाही. या धंद्यात जुनं होतं ते जोडणीचं. २००९ साली एचडीएमआय १.४ आलं आणि त्यात आर्क (टीव्हीचा आवाज त्याच वायरीने उलटा रिसीव्हरकडे न्यायची सोय) आलं, तेव्हा कुळागरचा रिसीव्हर दोन वर्षांचा होता. जोडणीची अडचण जोडणीच्या जागीच सोडवायची, त्यासाठी पाच स्पीकर का फेकायचे?

मांडवीपार · रविवार, रात्री १०:२५

ती जोडणी मी सांगतो, माझ्याकडे हीच भानगड होती.

रिसीव्हरमधून चित्र न्यायचा नाद पहिला सोडा. सेट टॉप बॉक्स, स्ट्रीमिंगची काडी, मुलांचं गेम कन्सोल, सगळं थेट टीव्हीत. टीव्ही हाच चौक. त्याच्या मागून एक ऑप्टिकल वायर रिसीव्हरला. संपलं. रिसीव्हरने फक्त वाजवायचं.

मग टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट शोधा. तिथे बहुधा पीसीएम लावलेलं असतं. ते तसंच ठेवलं तर रिसीव्हरला दोनच चॅनेल पोचतात आणि माणूस म्हणत बसतो की मागचे स्पीकर बिघडले. तिथे ऑटो किंवा डॉल्बी डिजिटल करा. स्ट्रीमिंगवरचा आवाज हल्ली डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो. तो ऑप्टिकलमधून जात नाही, पण बहुतेक टीव्ही त्याचा साधा डॉल्बी डिजिटल करून देतात. तो ५.१ असतो आणि तुमच्या रिसीव्हरला अगदी नीट कळतो. जात नाही ते अ‍ॅटमॉस आणि ब्लू-रेवरचे ट्रू-एचडीसारखे भारी प्रकार. छतात स्पीकर नाहीत तर अ‍ॅटमॉसचं करायचं काय?

दोन कटकटी आधीच सांगतो. ऑप्टिकलमधून रिमोटचे हुकूम जात नाहीत, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होणार नाही. घरच्यांना दुसऱ्या रिमोटची सवय लावायला मला एक महिना लागला. आणि टीव्ही चित्र रंगवायला वेळ घेतो, तेव्हा ओठ आणि शब्द पुढेमागे होतात. रिसीव्हरच्या मेनूत ऑडिओ डिले असेल, त्यात दहा-दहा मिलिसेकंदाने वाढवत जा. बातम्या वाचणारी बाई लावून करा. गाण्यावर कळत नाही.

तारवटी · सोमवार, पहाटे ३:१५

जहाजावरून लिहितोय, वेळ बघून हसू नका. कर्णकाका, माझाही प्रश्न यातच विचारतो. मी अमेरिकेच्या बंदरात एक जबरदस्त रिसीव्हर स्वस्तात घेतला होता, वास्कोला घरी ठेवलाय. मागे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलंय. धाकटा भाऊ म्हणतो, पिन बदलली की चालेल.

कर्णपिशाच्च · सोमवार, सकाळी ६:५०

भावाला लगेच फोन करा, हा प्रतिसाद नंतर वाचा!

आपल्याकडे २३० व्होल्ट. तो रिसीव्हर सरळ लावला तर पहिल्याच सेकंदाला ट्रान्सफॉर्मर किंवा फ्यूज जाईल, आणि नशीब वाईट असेल तर दोन्ही. मागे व्होल्टेज बदलायचा छोटा सरकता स्विच आहे का बघायला सांगा. तो असेल तर २३० वर सरकवा, काम झालं. नसेल तर २३० चे ११०-१२० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. रिसीव्हरच्या मागे ४०० वॅट लिहिलं असेल तर ७५० किंवा १००० व्हीएचा घ्या, काठावरचा नको. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जरा जास्त तापतो, म्हणून रिसीव्हरवर हवा खेळती ठेवा. आणि प्रवासात शेव्हर चालवायचे ते हलके कन्व्हर्टर मिळतात ना, ते यासाठी नाहीत.

तारवटी · सोमवार, पहाटे ३:४० (जहाजाचं घड्याळ)

फोन केला. भाऊ पिन आणायला बाजारात निघालाच होता. देव बरें करूं.

खतखतें · सोमवार, दुपारी १:१०

माझा डबा वेगळा आहे. डीव्हीडी प्लेयर आणि अ‍ॅम्प एकत्र असलेला संच, पुढे "१२,००० वॅट पीएमपीओ" असं सोनेरी अक्षरात. डीव्हीडी फिरत नाही. त्याचे स्पीकर एखाद्या चांगल्या रिसीव्हरला लावू?

कर्णपिशाच्च · सोमवार, दुपारी २:३०

१२,००० वॅटला विद्युत खातं घरी विचारपूस करायला येईल. पीएमपीओ आकड्याला काहीही अर्थ नाही, विसरा.

त्या संचांचे स्पीकर बहुतेक ३ किंवा ४ ओमचे असतात, रिसीव्हर ६ ते ८ ओमसाठी असतो. जोडलं तर हळू आवाजात चालेल, मोठा केला की रिसीव्हर तापेल आणि स्वतःला बंद करेल किंवा जळेल. स्पीकरमागे लिहिलेलं पुसलं असेल तर मल्टिमीटर लावा: ८ ओमचा स्पीकर मीटरवर सहाच्या आसपास दाखवतो, ४ ओमचा सव्वातीनच्या. त्या संचाच्या सबवूफरला स्वतःचा अ‍ॅम्पही नसतो, त्यामुळे तो कुळागरच्या सबसारखा दुसरीकडे लावता येत नाही. डीव्हीडी गेली म्हणून डबा गेला नाही. मागे ऑक्स-इन (बाहेरचा आवाज आत घ्यायचं भोक) असेल तर टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून तिथे वायर द्या. टीव्हीपेक्षा नक्की बरा वाजेल.

तीन_पिन · सोमवार, रात्री ९:१५

कुळागर दादा, वहिनींच्या वायरींचं बोलूया. मी याच लाइनीत आहे.

तुमचा फ्लॅट तयार आहे म्हणजे भिंतीत झिरी मारायचा विषय नको. चिऱ्याची भिंत असेल तर मुळीच नको. झिरी मारायला जावं तर भुगा हातात येतो आणि नवं प्लास्टर पुढच्या पावसाळ्यात तोंड उघडतं. स्कर्टिंगच्या वरच्या कडेने पांढरी अर्ध्या इंची केसिंग-कॅपिंग, म्हणजे वायरी झाकायची झाकणाची पट्टी. काचेच्या दरवाजापाशी ती वर चढवून पडद्याच्या पेल्मेटमागून पलीकडे न्या. महिनाभराने दिसेनाशी होते, म्हणजे डोळ्यांना सवय होते.

वायर म्हणाल तर मागच्या स्पीकरांना तुम्हाला १२ मीटरच्या आसपास लागेल. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचीक दोन पदरी वायर पुरे. हिशेब: जाऊन-येऊन २४ मीटर, रोध सुमारे ०.३ ओम, ८ ओमच्या स्पीकरला काही फरक नाही. पुढच्या तिघांना अंतरच कमी. हजारो रुपये मीटरची वायर विकणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. फक्त तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची घेऊ नका. ब्लेडने तार खरवडा, पांढरं दिसलं तर परत द्या. जुनी वायर वापरणार असाल तर टोकं हिरवी झालेली असतील. इंच-दोन इंच कापून टाका, लाल तांबं दिसेपर्यंत. लाल-काळा दोन्हीकडे सारखाच. एक जरी उलटा झाला तर बोलणं दोन स्पीकरांच्या मध्ये न येता डोक्याभोवती फिरतं.

कुळागर · अकरा दिवसांनी, शुक्रवार, रात्री ११:०५

खबर देतो. सबची रिंग मी स्वतः बसवली. पहिल्या वेळी कोन तिरका बसला, काढून पुन्हा. दुसऱ्या वेळी जमलं. बायकोने डिंक हातात धरून उभं राहायचं काम केलं, त्यामुळे ती आता प्रकल्पात सामील आहे असं मी धरतो.

केसिंग झाली. ऑप्टिकल झालं. पण दोन गोष्टी. सबमधून सतत "हूं" असा घुमणारा आवाज येतो, काहीही न वाजवता. आणि दुसरी जास्त लागली मनाला: बांदोड्याला हेच स्पीकर किती गोड वाजायचे! इथे टाळी वाजवली तरी ती परत येते. स्पीकर माळ्यावर बिघडले का?

तीन_पिन · शुक्रवार, रात्री ११:३०

"हूं" म्हणजे ५० हर्ट्झ, म्हणजे अर्थिंगचा फेरा. एक सांगा, टीव्हीच्या ऑप्टिकलशिवाय रिसीव्हरला आणखी काय जोडलंय?

कुळागर · शुक्रवार, रात्री ११:४१

सेट टॉप बॉक्सची लाल-पांढरी वायर. आईला टीव्ही बंद ठेवून भजनाचं चॅनेल ऐकायचं असतं म्हणून.

तीन_पिन · शुक्रवार, रात्री ११:५२

सापडला चोर. बॉक्सला गच्चीवरच्या डिशची केबल येते, तिच्या जाळीला एक अर्थ. रिसीव्हर आणि सबला घरातला दुसरा. दोन्हींमध्ये थोडं व्होल्टेज असतं आणि तुमची लाल-पांढरी वायर त्यांना पूल बांधून देते. खात्री करायची तर डिशची केबल बॉक्समधून काढा, आवाज थांबेल. उपाय फुकटचा: लाल-पांढरी काढून टाका. बॉक्स एचडीएमआयने टीव्हीत, तिथून ऑप्टिकल. ऑप्टिकलमध्ये प्रकाश जातो, वीज जात नाही, पूलच नाही. भजनाच्या वेळी टीव्ही चालू ठेवून पडदा काळा करायची सोय बहुतेक टीव्हींत असते, तिचं नाव पिक्चर ऑफ.

आणि कुणी सांगेल की प्लगची वरची जाड पिन काढून टाक, आवाज जातो. जातो. त्या दिवशी आत फेज धातूच्या पेटीला टेकली तर माणूसही जातो. करू नका.

शेवंती · शनिवार, सकाळी १०:१५

दुसऱ्या प्रश्नावर मी बोलते. स्पीकर नाही बिघडले, खोली बदलली.

बांदोड्याचं घर मंगलोरी कौलांचं ना? वर सिलिंग नसेल तर आवाज कौलांच्या फटीतून निघून जातो. शिवाय लाकडी वासे, भाताची पोती, चटया, माणसं. घर आवाज पिऊन टाकायचं. पर्वरीचा तुमचा हॉल म्हणजे टाइल, काच आणि गुळगुळीत पुट्टी. काहीच पीत नाही.

आकडाच काढून दाखवते. साबिन नावाचा हार्वर्डचा प्राध्यापक होता, त्याने १८९० च्या दशकात एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात शेजारच्या थिएटरातल्या गाद्या रात्री-अपरात्री आणून मांडल्या आणि घुमणं किती कमी होतं ते मोजलं. त्याचं सूत्र: ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. तुमचा हॉल सुमारे ६३ घनमीटर. रिकाम्या हॉलचं शोषण, एखादा सोफा धरून, ६ चौरस मीटर म्हणू. उत्तर १.७ सेकंद. एक शब्द मरेपर्यंत पुढचे चार येऊन पोचतात. आईंना बोलणं कळत नाही त्याचं निम्मं कारण इथेच आहे. जाड गालिचा, काचेवर दुपदरी चुणीचा पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, कापडी सोफा मिळून आणखी १४ चौरस मीटर आले तर २० होतात आणि उत्तर अर्ध्या सेकंदावर येतं. बैठकीच्या खोलीला तेवढं छान.

पडद्याला कापड भिंतीच्या दुप्पट घ्या. ताणून लावलेला पातळ पडदा उन्हाला उपयोगी, आवाजाला नाही. आणि लेदरचा सोफा घेणार असाल तर अजून वेळ आहे, विचार बदला. पावसाळ्यात बुरशी येते ती वेगळीच.

उरक · शनिवार, सकाळी १०:४०

साउंडबारलासुद्धा गालिचा लागतो का?

शेवंती · शनिवार, सकाळी १०:४४

लागतो हो. खोली कुणाला सोडत नाही.

कर्णपिशाच्च · शनिवार, दुपारी १२:१५

शेवंतीताईंना दंडवत. आता मांडणी.

पुढचे दोन टॉवर बसायच्या जागेपासून मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण ३० अंशांवर, तोंड जरा आत. सेंटर टीव्हीखाली, कपाटाच्या पुढच्या कडेला आणून ठेवा, आत ढकलला तर फळीच बोलायला लागते. त्याची मान बसलेल्या माणसाच्या कानाकडे उचला, खाली दाराचं रबरी पाचर चालतं. मागचे दोघे खरं तर मागे नकोत. कानाच्या किंचित मागे, बाजूला, ११० अंशांच्या आसपास आणि डोक्याच्या फूटभर वर.

आईंच्या सीरियलचं: मालिका बहुतेक दोनच चॅनेलच्या असतात, तेव्हा सेंटर गप्प राहतो. रिसीव्हरच्या रिमोटवर प्रो लॉजिक टू असेल ते लावा. डाव्या-उजव्यात जे सारखं आहे ते तो उचलून सेंटरला देतो, आणि संवाद बहुतेक दोन्हीकडे सारखाच भरलेला असतो. मग सेंटर २-३ डेसिबलने वाढवा. नाट्यगीतांना मात्र प्रो लॉजिक नको, साधा स्टीरिओ ठेवा. पेटी एका कोपऱ्यात आणि गायक मधे, असंच ऐकायचं ते.

सबसाठी थोडी लाज सोडावी लागेल. तुमच्या १८ फुटांच्या लांबीला ३१ हर्ट्झच्या आसपास एक घुमारा, रुंदीला ४३, उंचीला ५९. त्यामुळे एका जागी बेस छाती दणाणतो आणि दोन फुटांवर नाहीसा होतो. सब उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा. एकसारखी बेसची लय लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत फिरा. जिथे बेस घट्ट, न घुमता ऐकू येईल तिथे सबची कायमची जागा. सगळे स्पीकर मेनूत स्मॉल, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ. टॉवर मोठे दिसतात म्हणून लार्ज लावू नका, खालचं काम सबलाच करू दे.

कुळागर · रविवार, सकाळी ११:००

रांगलो. नेमकी तेव्हाच समोरच्या फ्लॅटमधली वहिनी साखर मागायला आली. दार बायकोने उघडलं. काय सांगितलं असेल देव जाणे, ती साखर न घेताच गेली.

जागा सापडली: डाव्या टॉवरच्या मागे कोपऱ्यापासून तीन फूट. हूं गेला. गालिचा बायकोने निवडला, पडदे शिवायला टाकलेत.

मांडवीपार · रविवार, सकाळी ११:३०

टेप डेकचं काय झालं?

कुळागर · रविवार, सकाळी ११:४८

बेल्ट वितळून डांबर झाला होता. काड्यांवर कापूस आणि स्पिरिट घेऊन दोन संध्याकाळी पुली पुसल्या, नवा बेल्ट घातला. हेडही पुसला. पहिली कॅसेट लावली तर गाण्याच्या आधी बाबांचा आवाज: "गप्प बसा रे, भरतोय." मग तंबोरा. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. पुढे काही लिहीत नाही.

कर्णपिशाच्च · रविवार, दुपारी १:२०

ती कॅसेट आज-उद्याच संगणकावर भरून घ्या. डेकच्या लाइन-आउटमधून. पुन्हापुन्हा वाजवत बसू नका, फिती जुन्या आहेत.

आणि या दिवसांत परतीच्या पावसाच्या विजा. ढग दिसले की नुसता स्विच बंद करून भागत नाही: प्लग, डिशची केबल आणि इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही, सगळं उपटून ठेवा. वीज तारेच्या मार्गाने येते, स्विच बघून येत नाही. पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी रिसीव्हर चालू ठेवा, त्याच्याच उबेने आतला दमटपणा जातो. झाकायचं असेल तर प्लास्टिक नको, जुनं सुती लुगडं.

शेवंती · दोन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८:३०

कुळागर, पडदे आले का? टाळी वाजवून सांगा.

कुळागर · शनिवार, रात्री ११:५५

आले. टाळी परत येत नाही. आई सीरियल बघताना "काय म्हणाली ती?" असं विचारायची थांबली, आता सीरियल चालू असताना कुणी बोललं तर ती रागावते. दुसरा रिमोट तिनेच ताब्यात घेतलाय. बायको म्हणते केसिंग दिसते, पण कुठे दिसते ते विचारलं तर शोधावी लागते.

आज पाहुणे बोलावले होते, रात्री सगळ्यांना चित्रपट दाखवायचा बेत होता. पण आज नरकासुराची रात्र, हे मी विसरलो. खाली चौकात सोसायटीच्या पोरांनी वीस फुटी नरकासुर उभा केलाय आणि भाड्याचे आठ बॉक्स लावलेत. आमच्या काचा थरथरतायत, सबवूफर एका कोपऱ्यात चूप. पहाटे त्याला जाळेपर्यंत हेच. सगळे बाल्कनीत उभे राहून फोव (पोहे) खातोय.

उरक · रविवार, रात्री १२:०४

कुठली सोसायटी? येतो.

तीन_पिन · रविवार, रात्री १२:१०

त्या आठ बॉक्सची वायर कितीची आहे जरा बघून सांगा.